चार मिनिटांचा विराम

३ मार्च

टाचणीस,

तुझं पुस्तक मला काय भावात पडलं ते आधी सांगतो. मागच्या कव्हरावरची किंमत सोड, ती कोणीही देईल. दुकानात तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला पुस्तक आलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला आलं होतं, पण 'सारख्या खुर्च्या' हे नाव वाचून दुकानदाराने ते घरसजावटीच्या फळीवर लावलं होतं, आणि मी बापडा कायद्याच्या फळीपुढे अर्धा तास ताटकळत होतो. तिसऱ्या खेपेला मिळालं. मग चष्म्याचा नंबर बदलावा लागला, कारण तुझ्या तळटिपा मुंग्यांनी वाचाव्यात अशा आहेत. मग एकोणीस सकाळी गेल्या. आणि चहाच्या वेळी तुझ्या आईला उतारे वाचून दाखवायचो, त्यावरून एक भांडण झालं. ती म्हणाली, "मला कशाला ऐकवता? जिने लिहिलंय तिला कळवा."

तर तीन खेपा, एक चष्मा, एकोणीस सकाळी, एक भांडण. पाचव्या प्रकरणापाशी आल्यावर दोन दिवस पुस्तक पालथं घालून ठेवलं, ते या यादीत कुठे घालायचं ते मला कळलेलं नाही.

हाताने लिहितोय, कारण टाइप केलं तर तू त्याला रेकॉर्ड समजशील आणि पान नंबर घालशील. अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

तीन वर्षं झाली. दर रविवारी तू आईला फोन करतेस, तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर धरून बसलेला असतो. पान उलटत नाही, आवाज होतो. ऐकायचं असं ठरवत नाही, पण माझे कान तुला माहीत आहेत, भिंत मध्ये असली तरी सुटत नाही. शेवटी आई विचारते, "बाबांना देऊ का?" मग तू काहीच बोलत नाहीस. आम्हा लघुलेखकांच्या धंद्यात त्याला एक शब्द आहे, तो तू पाचव्या प्रकरणाला नाव म्हणून दिला आहेस.

पुस्तक चांगलं झालंय. हे बाप म्हणून म्हणत नाही, बाप म्हणून मला ते फेकून द्यावंसं वाटलं. तू मोजतेस हे मला आवडलं. कायद्यापुढे सगळे देश सारखे, हे सगळेच म्हणतात. तू दालनात जाऊन माणसं मोजलीस. कोणाच्या मागे अकरा वकील, कोणाच्या मागे दोन माणसं. 'दोन्ही बाजूंना सारख्या खुर्च्या मांडलेल्या असतात. एका बाजूला खुर्च्या कमी पडतात, दुसऱ्या बाजूला माणसं.' हे वाक्य मी आईला दोनदा वाचून दाखवलं. भांडण त्यावरूनच झालं.

आणि मग पाचवं प्रकरण. एकशे चाळीस सुनावण्यांच्या नोंदी चाळल्यास आणि साक्षीदाराच्या नावापुढे कंसात 'विराम' किती वेळा येतो ते मोजलंस. मोठ्या बाजूच्या साक्षीदाराला एक, तर छोट्या बाजूच्या साक्षीदाराला नऊ. 'ही माणसं गप्प बसतात, की त्यांना गप्प लिहिलं जातं?' असं विचारून तू खाली तळटीप दिली आहेस. बेटाच्या बंदराची सुनावणी, पान दोनशे बारा, ओळ नऊ.

त्या तळटिपेत तू मला 'नोंद घेणारा' म्हटलंस. नाव घातलं नाहीस. दयेनं की रागानं, हे एकदा कळवशील का?

आशीर्वाद लिहीत नाही. तुला हवे असतील तेव्हा माग, इथे भरपूर शिल्लक आहेत.

बाबा


१४ मार्च

टाचणीस,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनला तीनदा उगाच 'काय म्हणता' विचारून झालं. तो आता मला बघून सायकलचा वेग वाढवतो.

तुझ्या पुस्तकात माझी बाजू नाही, म्हणून ती इथे लिहितो.

मी कोर्टाबाहेर स्टुलावर बसून लोकांचे अर्ज टाइप करायचो, हे तू शंभर वेळा ऐकलं आहेस. एकशे एकाव्यांदा ऐक. लघुलिपी मी क्लासात शिकलो नाही. शेजारच्या चहावाल्याच्या रेडिओवरच्या बातम्या उतरवून शिकलो. तो मधेच स्टेशन बदलायचा, म्हणून मी गाणीपण उतरवायचो, आणि भांडणंही. माणूस मिनिटाला किती शब्द बोलतो ते मला त्याच्या खोकण्यावरून कळायला लागलं. तिथून उठून मी लवादाच्या दालनात पोचलो. देशादेशांचे तंटे, गालिचा, पाण्याचे काचेचे जग, आणि कोपऱ्यात मी. कोणाचा हात धरून गेलो नाही.

त्या सुनावणीबद्दल तू तीन वर्षांपूर्वी इथे, जेवणाच्या टेबलाशी बसून विचारलंस, "बाबा, तो माणूस खरंच गप्प होता?" मी म्हणालो, "नोंदीत आहे तेच घडलं." तू म्हणालीस, "नोंद मीही वाचली आहे. तुम्ही तिथे होतात." आणि ताट तसंच ठेवून उठलीस.

तेव्हा जे म्हणायचं राहिलं ते आता म्हणतो. प्रत्येक सुनावणीची कच्ची प्रत दोन्ही बाजूंना जाते. चूक असेल तर कळवा, आम्ही सुधारू. इतरांच्या प्रती लाल शाईने माखून परत यायच्या. माझ्या दोनशेच्या वर सुनावण्या झाल्या, आणि लोक माझी प्रत न वाचता सही करायचे. आणि त्या बेटाच्या सुनावणीवर बेटाकडून एक ओळ दुरुस्ती आली नाही. एक ओळ नाही, एक स्वल्पविराम नाही! माझं चुकलं असतं तर ज्यांचं बंदर गेलं ते तरी बोलले नसते का? एवढं सांग, आणि मग मोज काय मोजायचं ते.

हे लिहिल्यावर बरं वाटलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वकिलासारखं लिहिलंय." स्तुती नव्हती.

बाबा


२९ मार्च

टाचणीस,

मागचं पत्र मी फाडायला हवं होतं. टपालात टाकून बसलो.

पुस्तकाच्या शेवटच्या पानांत तू लिहिलं आहेस की बेटाने फेरविचाराचा अर्ज केला आहे आणि नव्या पुराव्याशिवाय तो उभा राहणार नाही. मुदत जूनअखेर. हे मी आधी वाचलं होतं, पण वाचलं नाही असं स्वतःला सांगितलं होतं. आता सांगतो.

त्या दिवशी सकाळी बेटाच्या बाजूला दोन माणसं होती. एक साक्षीदार, बंदराचा म्हातारा वाटाड्या, म्हणजे मोठ्या जहाजांना खडकांतून वाट दाखवून आत आणणारा. दुसरे तिथल्या शाळेचे मास्तर. तेच दुभाषे, तेच कारकून, तेच सगळं. समोर बंदर ताब्यात घेतलेल्या कंपनीची नऊ माणसं. कंपनीच्या वकिलाचे केस पांढरेशुभ्र होते, आम्ही कर्मचारी त्याला चांदोबा म्हणायचो.

वाटाड्याने आपल्याबरोबर एक जुना नकाशा आणला होता. चांदोबा उठून म्हणाला, "याच्या नऊ प्रती आम्हाला आत्ता मिळाव्यात." अध्यक्ष म्हणाले, "रास्त आहे." मास्तर नकाशा घेऊन खालच्या मजल्यावर झेरॉक्सला पळाले. दुसरं कोण जाणार? आणि मास्तर बाहेर गेल्यावर चांदोबाने विचारलं, "बंदर आमच्याकडे आलं तेव्हा तुम्ही किंवा तुमच्या लोकांनी विरोध केला होता का?" अध्यक्ष म्हणाले, "साधा प्रश्न आहे, दुभाष्यासाठी थांबायला नको."

वाटाड्या उभा राहिला. आणि बोलला. बेटाच्या भाषेत, चार मिनिटं. मी घड्याळ पाहिलं होतं, आमच्याकडे वेळ लिहावी लागते.

दालनात कोणाला काही कळलं नाही. चांदोबा पेनचं टोपण काढत-घालत होता. वाटाड्या बसला. अध्यक्ष म्हणाले, "साक्षीदाराचं उत्तर नाही. पुढे चला." नियम असा की सुनावणीच्या भाषेत जे बोललं जातं तेवढंच नोंदीत जातं. दुसऱ्या भाषेतलं दुभाषा सांगेल तेव्हा. दुभाषा नव्हता, म्हणून मी टाइप केलं, 'विराम'. मास्तर गरम गरम प्रती छातीशी धरून परत आले तेव्हा आम्ही दोन प्रश्न पुढे होतो.

निकालात एक वाक्य आहे, तुला पाठ असेल: 'विरोधाबाबत थेट विचारलं असता साक्षीदार निरुत्तर राहिला.' बंदर नव्व्याण्णव वर्षांसाठी कंपनीकडे.

स्टेनोला हात वर करायचा अधिकार असतो. 'कृपया पुन्हा सांगा' म्हणायचा. चांदोबाला खोकला झाला होता त्या आठवड्यात मी तो पंधरा वेळा वापरला होता. तेव्हा वापरला नाही. लवादाचे चिटणीस दाराशी उभे होते, आणि कायमच्या कामाचा करार कोणाला द्यायचा ते ते त्या आठवड्यात ठरवणार होते. मला माझी नोंद स्वच्छ हवी होती. करार मला मिळाला. त्या करारावर ऑफिस उभं राहिलं, दारावर नाव लागलं, आणि एक पोरगी कायदा शिकली. तुझ्या पहिल्या वर्षाची पुस्तकं मी स्वतः बांधून आणली होती, आठवतं? आपण दोघं जिन्यात थांबून दम खात होतो.

आता मुद्द्याचं. लघुलिपीत शब्द लिहीत नाहीत, आवाज लिहितात. भाषा येत नसली तरी आवाज लिहिता येतो. वाटाड्या बोलायला लागला तेव्हा माझा हात चालूच राहिला. वाटलं, मास्तर आले की त्यांना वाचून दाखवू. चार मिनिटं मी प्रत्येक आवाज उतरवला आणि टाइप करताना सोडून दिला. वह्या पाच वर्षांनी जाळायचा नियम आहे. बाकीच्या जाळल्या.

ती वही माझ्या कपाटात आहे. आणि प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात, ती माझ्याशिवाय कोणाला वाचता येणार नाही.

तू ये. समोर बस. मी वाचून दाखवतो. टपालाने पाठवणार नाही.

बाबा


९ एप्रिल

टाचणीस,

आईने मागच्या पत्राची शेवटची ओळ वाचली. पाकीट मी चिकटवलं होतं, तिने वाफेवर धरून उघडलं आणि परत चिकटवून टाकलं. मग चार दिवस माझ्याशी अबोला. पाचव्या दिवशी म्हणाली, "त्या माणसाचं बोलणं सव्वीस वर्षं कपाटात ठेवलंत, आणि आता त्याच्या बदल्यात पोरगी मागताय?"



तेव्हा ती ओळ रद्द. वही तुला मिळेल, तू ये किंवा नको येऊ. ये असं मला वाटतं, रोज वाटतं, कडी वाजली की वाटतं, पण ते वेगळं पत्र आहे.

आणखी एक कबूल करतो, कारण आई म्हणाली तुम्ही नाही लिहिलं तर मी रविवारी सांगेन. भिंतीपलीकडून मला काही ऐकू येत नाही. दोन वर्षांपासून. तुझा फोन आला की आई तो स्पीकरवर टाकते आणि दाराजवळच्या खुर्चीत बसते. मला वाटायचं माझे कान. तिने मला कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही पेपर खाली घेतला नाही.

त्याच संदर्भात मागच्या सोमवारी कानाच्या दवाखान्यात गेलो होतो. काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, टूं वाजलं की बटण दाबायचं. मी जिथे वाजलं नाही तिथेही दाबत होतो, शाळेतल्यासारखे मार्क मिळतील म्हणून. तपासणाऱ्या बाई काचेतून म्हणाल्या, "काका, खोटं दाबू नका, मशीन मला सांगतं." उजव्या कानाचं निम्मं काम गेलंय.

मग त्यांना फोन आला. काचेचं दार उघडं होतं. त्या त्यांच्या भाषेत बोलू लागल्या, आणि मी हेडफोन काढला. वाक्याच्या शेवटी आवाज खाली न जाता वर जातो आणि तिथेच लटकून राहतो. सव्वीस वर्षांपूर्वी चार मिनिटं ऐकलेली चाल होती ती. डाव्या कानाने ऐकली.

मी विचारलं, "तुम्ही बेटावरच्या का?"

त्या म्हणाल्या, "ते बेट कुठे आहे हे विचारणारे भेटतात. असं विचारणारे पहिलेच."

मी म्हणालो, माझ्याकडे तुमच्याकडच्या एका माणसाचं थोडं बोलणं आहे.

रविवारी येणार आहेत. आईने घर आवरायला घेतलंय. तुझ्या खोलीतही केर काढला, म्हणाली, "हात लागलाच आहे तर."

बाबा


२१ एप्रिल

टाचणीस,

तुझा रविवारचा फोन आला तेव्हा आईने नंतर कर म्हणून सांगितलं ना, ते यासाठी.

वही उघडली. पिवळी पडली आहे, पण पेन्सिल टिकते, शाई टिकली नसती. मी खिडकीशी बसलो, बाई समोर. आणि सुरुवातीलाच गाडी अडली. घाईत लिहिताना आम्ही स्वर टाकत नाही, नुसती व्यंजनं लिहितो, स्वर वाचणारा आपल्या भाषेतून भरतो. माझ्याकडे ती भाषाच नाही, भरू काय? मी नुसता खडखड करत होतो. बाई म्हणाल्या, "काका, हे बोलणं आहे की दगड?"

मग आम्ही एक युक्ती केली. मी व्यंजनं म्हणायची, त्यांनी स्वर घालून बघायचे, आणि मी मान डोलवायची किंवा हलवायची, कारण चाल मला आठवत होती. एका वाक्याला वीस मिनिटं लागली. दुसऱ्याला पाच. तिसऱ्या वाक्याला त्या माझ्याआधीच म्हणून गेल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "हे आमच्याकडचे म्हातारे असंच म्हणतात." त्यानंतर त्यांचा आवाज बदलला.

तीन तास लागले. आईने चहा दोनदा गरम केला, कोणी प्यायलं नाही. बाईंनी लिहून दिलेलं असं:

"तुम्ही काय विचारताय ते मला कळलं. हा प्रश्न येईल म्हणून मास्तरांनी मला येताना बोटीवर शिकवला होता. ते खाली गेलेत, ते आले की सांगतील, पण तुम्ही विचारलंत तर मी थांबू कशाला? हो, आम्ही नको म्हटलं होतं. तीनदा. पहिल्यांदा आम्ही सगळे धक्क्यावर उभे राहिलो, बायका पुढे. कंपनीच्या साहेबाने आमचा फोटो काढला आणि स्वागताला आलेत असं छापलं. दुसऱ्यांदा आम्ही पत्र लिहिलं. पत्र न्यायला कंपनीचीच बोट होती, ते तिथेच राहिलं. तिसऱ्यांदा मी एकटा. त्यांचं पहिलं मोठं जहाज आलं तेव्हा मी वाट दाखवायला गेलो नाही. नऊ दिवस जहाज खडकांबाहेर उभं होतं. माझ्या घरातून त्याचे दिवे दिसायचे. नवव्या दिवशी माझ्या धाकट्या भावाने जहाज आत आणलं. त्याला चार पोरं होती. मी त्याच्याशी त्यानंतर बोललो नाही. तो समोरच राहायचा. मागच्या पावसात वारला. त्याच्याशी बोलायला हवं होतं, पण ते तुमचं काम नाही. तुमचं काम एवढंच की आम्ही नको म्हटलं होतं. ते कोपऱ्यातले गृहस्थ लिहून घेताहेत, मी बघतोय. त्यांचा हात चालतोय तोवर मी बोलतो. झालं. त्यांनी लिहिलं. आता बसतो."

बाई म्हणाल्या, "परत वाचा." मी शेवट परत वाचला, नुसत्या व्यंजनांत. त्या वाटाड्याला ओळखत नव्हत्या. त्यांच्या जन्माआधीच कंपनी आली होती. लहानपणी त्यांना धक्क्यावर जायला पास लागायचा, एवढंच त्यांना बंदर माहीत.

वाटाड्या आहे का, विचारलं. नसावा, म्हणाल्या. तेवढं वय कोणी गाठत नाही.

त्याने माझ्याकडे बघितलं होतं, हे मला आठवतं. बसताना त्याने मान जरा खाली केली होती. मला वाटलं होतं, हरला.

बाबा


२ मे

टाचणीस,

वही, बाईंच्या हातचा मजकूर, आणि माझं प्रतिज्ञापत्र रजिस्टरने पाठवलं आहे. प्रतिज्ञापत्रात सगळं आहे. मास्तर का बाहेर गेले, कोण काय म्हणालं, किती वाजले होते, मी हात का वर केला नाही. शेवटच्यासाठी तीन वाक्यं लागली. आधी एका पानाची सफाई लिहिली होती, ती आईने खोडली. आयुष्यात माझ्या मजकुरावर पहिल्यांदाच लाल शाई फिरली, आणि फिरवली कोणी तर जिला लघुलिपी म्हणजे कोंबडीचे पाय वाटतात तिने.

नोटरीकडे गंमत झाली. त्याने विचारलं, "हे कोणाविरुद्ध आहे?"

"माझ्याविरुद्ध."

"आणि देणारे?"

"मीच."

त्याने दोनदा ओळखपत्र बघितलं. मग शिक्का मारताना हळूच म्हणाला, "काका, मुलांना विचारलंत का?" म्हटलं, मुलीनेच तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, मला ऐकू आत्ता आलं.

ऑफिस आता माझ्या शिष्यांकडे आहे, पण दारावर माझं नाव आहे. त्यांना जाऊन सांगितलं. थोरल्या शिष्याने हातातली फाइल बंद केली. नंतर म्हणाला, "सर, पाटी काढू का?" मी म्हटलं, तू ठरव. पायऱ्या उतरताना मागे वळून पाहिलं नाही, म्हणून काढली की नाही ते माहीत नाही.

माझी व्यंजनं वाचायला कोणीतरी लागेल. लवादाने बोलावलं तर मी येईन, वाचायला. डावा कान त्यांच्याकडे येईल असं बसवा म्हणावं.

तुझी खोली आवरलेली आहे, हे मी लिहू नये असं ठरवलं होतं.

बाबा


१९ मे

टाचणीस,

तुझं पोस्टकार्ड परवा आलं. पोस्टमनने सायकल थांबवून हातात दिलं. एकच ओळ आहे, सही नाही, पण ते वळण मी कुठेही ओळखीन, तुझा 'क' पहिलीपासून पुढच्या अक्षरावर रेलतो. आईने ते आधी वाचलं, मग मला दिलं, मग परत घेतलं. आता ते तिच्या उशाखाली आहे असा माझा अंदाज आहे, कारण फ्रिजवरून त्याच दुपारी नाहीसं झालं.

तू 'कसे आहात' लिहिलं नाहीस. ठीक आहोत. गुडघे कुरकुरतात, कानाचं यंत्र आलंय, त्यात माझंच चावणं मला ऐकू येतं. पण मी ते पोस्टकार्ड हातात घेऊन व्हरांड्यात उभा होतो तेव्हा रस्त्यावरचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. तू विचारलंस. उलटतपासणीत विचारतात तसं विचारलंस, तरी विचारलंस. तीन वर्षांनी तुझा आवाज थेट माझ्याकडे आला, मध्ये भिंत नाही, स्पीकर नाही. रविवारी आई फोन माझ्या हातात देणार म्हणते. तुला नको असेल तर तिला आधीच सांग, मी पेपर घेऊन आत जाईन.

तुझा प्रश्न: 'कच्ची प्रत बेटाला कधी पाठवली, आणि दुरुस्तीसाठी किती दिवस दिले होते?'

काल ऑफिसात जाऊन त्या वर्षाचं जावक रजिस्टर काढलं. शिष्याने शिडी धरली. पाटी आहे अजून. नोंद माझ्याच हातची सापडली, आणि टपालाचं मी दवाखान्यातल्या बाईंना विचारून घेतलं. अर्जाला लावायचं असेल तर रजिस्टरच्या पानाची प्रत सोबत आहे.

प्रत सात तारखेला टपालात पडली. दुरुस्तीची मुदत चौदा दिवस. बेटाकडे टपालाची बोट महिन्यातून एकदा सुटायची, पाच तारखेला.